आरोग्यविचार : सत्तर टक्के की पन्नास टक्के?



गेल्या हिवाळ्यात आमच्या थोरल्या भाऊजींची अँजिओग्राफी झाली. जिना चढताना छाती आवळल्यासारखी होऊ लागली म्हणून ते कुपात होलीमच्या डॉक्टरांकडे गेले व तेथून इस्पितळात. हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांपैकी उजवी सत्तर टक्के अरुंद, तर डावीकडची पुढली पन्नास टक्के अरुंद, असा अहवाल आला. घरात सर्वांनी सत्तरचाच धसका घेतला. ठाण्याहून फोन आले, अश्दोदहून पुतणे धावत आले. पुढील आठवड्यात भाऊजींना पुन्हा बोलाविण्यात आले आणि सायंकाळी कळले, की स्टेंट बसविला तो पन्नास टक्क्यांच्या रोहिणीत! सत्तर टक्क्यांची होती तशीच ठेवली. आमच्या ताईचा संताप अनावर झाला. "भलतीच नळी उघडली, कागद उलटा धरला असेल," असे म्हणत दुसऱ्या दिवशी ती मला सोबत घेऊन डॉक्टरांपुढे उभी राहिली.

डॉक्टरांनी शांतपणे एका कागदावर दोन आकडे लिहून दिले : उजवी ०.८८, डावी ०.७४. या दोन आकड्यांचा अर्थ समजून घेण्यात माझे पुढील कित्येक दिवस गेले. तो येथे सांगते, कारण असा प्रसंग आपल्यापैकी अनेक घरांत येतो. दक्षिण आशियातून आलेल्या लोकांत हृदयविकाराचे प्रमाण अधिक असून तो वयाने लवकर गाठतो, ही गोष्ट वैद्यकशास्त्रात सुपरिचित आहे.

अँजिओग्राफी म्हणजे रोहिणीत रंगद्रव्य सोडून क्ष-किरणांनी टिपलेली तिची छाया होय. १९५८ साली अमेरिकेत क्लीव्हलँड येथे डॉ. मेसन सोन्स यांच्या हातून हे चित्र प्रथम निघाले, तेही अपघातानेच. या चित्राचे उपकार मोठे आहेत. परंतु छायेवरून अरुंदपणा दिसतो. पलीकडे रक्त किती पोचते ते दिसत नाही.

माझ्या आजोबांची नागावला नारळी-पोफळीची वाडी होती. रहाटाचे पाणी पाटाने झाडांना जाई. पाटात कोठे दगड-माती पडून तो निम्मा बुजला, तर नुसत्या त्या दगडाकडे पाहून नुकसान किती होईल हे सांगता येत नसे. पुढे चारच पोफळी असल्या तर त्यांचे सहज भागे. चाळीस माड असले तर शेवटच्या ओळी सुकू लागत. पाट एक हातभर बुजला आहे की दहा हात, यानेही फरक पडे. भाऊजींचे नेमके हेच झाले होते. त्यांची उजवी रोहिणी जात्याच लहान, तिच्यावर थोडाच स्नायू अवलंबून. डावीकडची पुढली मात्र हृदयाच्या पुढल्या भिंतीचा मोठा भाग पोसते, आणि तिच्यातील अरुंदपणा लांबवर पसरलेला होता.

आणखी एक गोष्ट आहे. मनुष्य स्वस्थ बसलेला असताना अडथळ्यापलीकडील सूक्ष्म वाहिन्या आपण होऊन रुंदावतात व उणीव भरून काढतात. १९७४ साली डॉ. लान्स गोल्ड यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांत दाखविले, की रोहिणीचा व्यास सुमारे ८५ टक्के आवळला जाईपर्यंत विश्रांतीतील प्रवाह घटत नाही. परंतु जास्तीत जास्त जो प्रवाह वाहू शकतो, तो ५० टक्क्यांच्या सुमारासच घटू लागतो. म्हणून घरी खुर्चीत बसलेले भाऊजी ठणठणीत, आणि जिन्यावर मात्र छाती आवळलेली.

तेव्हा मोजायचे तर प्रवाह परमावधीला नेऊनच मोजले पाहिजे. ही रीत हॉलंडचे डॉ. निको पैल्स व बेल्जमचे डॉ. बर्नार्ड द ब्रॉयने यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९९३ च्या सुमारास सिद्ध केली. तिला फ्रॅक्शनल फ्लो रिझर्व्ह म्हणतात. मनगटातून किंवा जांघेतून नेलेल्या नळीवाटे, टोकाशी दाब मोजण्याची सोय असलेली, मिलिमीटरच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढी जाड तार अडथळ्याच्या पलीकडे सरकवितात. मग अ‍ॅडिनोसिन नावाचे औषध देऊन सूक्ष्म वाहिन्या पूर्ण उघडतात. या वेळी रुग्णाला छातीत दडपण व धाप जाणवते. औषध थांबविताच ते ओसरते. (भाऊजींना हे कोणी आगाऊ सांगितले नव्हते, ते फार घाबरले.) वाहिन्या पूर्ण उघडल्या, की प्रवाह दाबाच्या प्रमाणात चालतो, म्हणून दोन दाबांचे गुणोत्तर म्हणजेच प्रवाहाचे गुणोत्तर. पुढचे गणित माझ्या पाचवीच्या वर्गातले आहे. महारोहिणीत दाब ८९, अडथळ्यापलीकडे ६६, भागाकार ०.७४. अर्थात निरोगी रोहिणीतून स्नायूला अधिकात अधिक जेवढे रक्त मिळाले असते, त्याच्या ७४ टक्केच मिळते. निरोगी रोहिणीचा आकडा १. साधारणतः ०.८० किंवा त्याहून कमी आला तर स्टेंटचा विचार होतो, ०.७५ ते ०.८० च्या मधला आकडा डॉक्टरांच्या तारतम्यावर सोडलेला असतो.

ताईचा खरा प्रश्न निराळाच होता : "सत्तर टक्के तसेच सोडायचे आणि रात्री झोपायचे कसे?" तिला मी फेम नावाच्या चाचणीची माहिती दिली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत युरोप-अमेरिकेतील २० केंद्रांत १,००५ रुग्ण होते. निम्म्यांना चित्र पाहून स्टेंट बसविले, निम्म्यांना मोजून. मोजलेल्या गटात दरडोई स्टेंट सुमारे २.७ ऐवजी १.९ लागले, आणि वर्षभरात मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा पुन्हा शस्त्रोपचार यांपैकी काही घडण्याचे प्रमाण १८.३ वरून १३.२ टक्क्यांवर आले. याच रुग्णांत, डोळ्यांना ५० ते ७० टक्के वाटलेल्या अडथळ्यांपैकी जेमतेम ३५ टक्के खरोखर रक्त अडवीत होते. ७१ ते ९० टक्क्यांच्या अडथळ्यांतही पाचातला एक निरुपद्रवी निघाला. मोजून सोडून दिलेल्या अडथळ्यांचे पुढे काय होते, हे डेफर नावाच्या अभ्यासात पाहिले आहे. पाच वर्षांत अशा रुग्णांत हृदयामुळे मृत्यू किंवा झटका ३.३ टक्क्यांना आला. तशाच अडथळ्यांत स्टेंट किंवा फुगा वापरलेल्यांत ७.९ टक्क्यांना. स्टेंट हा धातूचा परका पदार्थ आहे. तो विनाकारण बसविला तर त्याचे धोके तेवढे पदरात पडतात.

तथापि ०.८८ म्हणजे रोग नाही, असे नव्हे. थर तेथे आहेच, म्हणून स्टॅटिनची गोळी, रक्तदाब व साखरेवर नजर, तंबाखूबंदी हे सारे जन्माचे. तीव्र झटका आलेला असताना ज्या रोहिणीमुळे तो आला तिच्या बाबतीत ही मोजणी करीत बसत नाहीत, ती तत्काळ उघडतात. तिन्ही रोहिण्या बाधित असल्यास मोजून बसविलेले स्टेंट बायपासची बरोबरी करू शकले नाहीत, हे २०२१ च्या तिसऱ्या फेम चाचणीत दिसले. आता तार न घालता, अँजिओग्राफीच्या चित्रांवरूनच संगणकाने हा आकडा काढण्याची पद्धत निघाली आहे. त्यांपैकी एक आपल्या केफार सबाच्या कॅथवर्क्स कंपनीची असून तिला २०१८ साली अमेरिकेत परवानगी मिळाली.

ताईचे पूर्ण समाधान झाले, असे मी म्हणणार नाही. फायलीतल्या ०.८८ पुढे तिने पेन्सिलीने केलेले प्रश्नचिन्ह अजून आहे. भाऊजी मात्र जिना चढतात, न थांबता. ज्यांची ही मोजणी व्हावयाची आहे त्यांनी आदल्या दिवसापासून चहा-कॉफी घ्यावी की नाही, हे इस्पितळात अवश्य विचारावे, कारण त्यांतील कॅफिन अ‍ॅडिनोसिनचा परिणाम मारते. दम्याचा त्रास असल्यास तोही आधीच सांगावा. आमच्या भाऊजींना एक दिवस चहावाचून काढणे झडतीपेक्षा अवघड गेले, आणि त्याबद्दल ते डॉक्टरांना अद्याप क्षमा करावयास तयार नाहीत.