वगळलेला विधी

२०२० साली ९ एप्रिलच्या पवित्र गुरुवारी आपल्या चर्चची दारे बंद होती. रोमच्या आदेशानुसार पाय धुण्याचा विधीही त्या वर्षी वगळण्यात आला. पुष्कळांना त्याची हळहळ वाटली. वास्तविक तो विधी घरोघरी करण्याची संधी त्याच वर्षी चालून आली होती, आणि आपण पुरुषांनी ती दवडली.

टाळेबंदीने कुटुंब एकत्र आणले, असे आपण कौतुकाने सांगतो. आणले खरे, पण कोणाच्या जिवावर? शाळा मोबाईलवर, कचेरी जेवणाच्या टेबलावर, आणि साऱ्यांचे चहापाणी, भांडी, मुलांचा अभ्यास एकटीच्या माथी. हा भार साथीने निर्माण केला नव्हता. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या पाहणीत घरकाम करणारी स्त्री त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होती, तर पुरुष ९७. आणि मुळात घरकामाला हात लावणारे पुरुषच शंभरात सुमारे २६ होते.

‘आईची माया ती, तिला ओझे वाटत नाही,’ असे म्हणणारे भेटतात. तिला कोणी विचारले आहे काय? त्यागमूर्ती म्हणून मखरात बसवायचे आणि रात्री अकराला भांड्यांपाशी उभे करायचे, ही भक्ती नव्हे, सोय आहे. प्रवचनांतून हे गोडवे मीही गायिलो. स्वयंपाकीणबाई येईनाशा झाल्या, तेव्हा कुठे माझे डोळे उघडले.

आणि बापाचे तरी काय भले झाले? मिळवील तोच पुरुष, असे ज्याला शिकवले, तो नोकरी जाताच स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा बसून राहिला. काम समोर होते. पण ते ‘बायकी’ ठरलेले!

‘पत्नीने अधीन राहावे, असे संत पौल सांगतो ना?’ इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातील त्याआधीचे, एकविसावे वचनही वाचा. तेथे सर्वांनीच एकमेकांच्या अधीन व्हायचे आहे. घरकामाने वा बालसंगोपनाने पुरुषत्वाला उणेपणा येत नाही, हे पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१६ साली ‘आमोरिस लेतित्सिया’मध्ये स्पष्ट केले. ऐन साथीत, ८ डिसेंबर २०२० रोजी, त्यांनी संत योसेफाचे वर्ष जाहीर केले. आपण त्या कष्टकरी पित्याला हार घातले. त्याचे अनुकरण किती केले?

साथ ओसरली, शाळा, कचेऱ्या पूर्ववत झाल्या, आणि कामाची जुनी वाटणीही. बंधूंनो, येत्या पवित्र गुरुवारी चर्चमध्ये पाय धुवून घ्यायला बारा जण सहज मिळतील. त्या रात्री घरी मोरीतली भांडी कोण घासतो, हेही प्रभू पाहणार आहे.