डावीकडची सीट

आमच्याकडे जुने फोटो पाहायला बसलं की साल कधीच कुणाला आठवत नाही. गाडी आठवते. "हे महाबळेश्वर फियाटमधलं की मारुतीमधलं?" असा वाद होतो आणि मग हिशेब लागतो. मुलीचा जन्म स्कूटरच्या काळातला, मुलाची शाळा फियाटमधली, दहावीचे पेढे मारुतीतून वाटलेले. मध्यमवर्गीय घराची हीच बखर!

परवा अशीच अल्बम घेऊन बसले होते. एक गोष्ट पहिल्यांदाच लक्षात आली. प्रत्येक फोटोत ह्यांचा हात बॉनेटवर आणि मी डाव्या दाराशी उभी. हातात पाण्याची बाटली.

एकच फोटो वेगळा आहे. १९७९ सालचा. मी, माझी लूना आणि दोन वेण्या. बँकेत नोकरी लागल्यावर पहिल्या वर्षीच्या शिल्लकीतून घेतलेली ती लूना. फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगनं १९७२ मध्ये आणलेली ही पन्नास सीसीची मोपेड पुण्याच्या मुलींसाठी काय होती, हे आजच्या मुलींना सांगून कळणार नाही. स्टँडवर लावायची, पॅडल मारायचं, इंजिन फुरफुरलं की पदर खोचून निघायचं. मागे कुणी बसलं आणि चढ लागला, तर पायांचा हातभार लावायचा. पण बँक सुटल्यावर नदीपलीकडे गाण्याच्या क्लासला जायचं आणि साडेआठला घरी यायचं, हे त्या लूनामुळं जमायचं. आरसी बुकावर माझं नाव होतं, माहेरचं.

१९८१ मध्ये लग्न झालं. पुढच्याच वर्षी ह्यांचा चेतकचा नंबर लागला. तेव्हा स्कूटरसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. नंबर लागणं म्हणजे लॉटरीच. थोडे पैसे कमी पडत होते. "घरात दोन-दोन गाड्या कशाला?" असं सासूबाई म्हणाल्या, ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मीच म्हणाले, "लूना विकून टाकू." मी पीएमटीनं जाऊ लागले. दोन बस बदलून घरी पोचेपर्यंत कुकर लावायची वेळ झालेली असायची. गाण्याचा क्लास सुटला. कुणी बंद कर म्हणालं नाही हो. बस मिळत नव्हती, एवढंच.

१९८७ मध्ये सेकंडहँड फियाट आली. खरं नाव प्रीमियर पद्मिनी, पण सगळे फियाटच म्हणायचे. तिचा गिअर स्टिअरिंगलाच असायचा आणि तो टाकतानाचा ह्यांचा रुबाब पाहण्यासारखा होता. सुट्टी लागली की सासरी साताऱ्याला. कात्रज चढायचा, खंबाटकी चढायचा. डावीकडच्या सीटवर बसून मी काय करायचे? मुलांना उलटी होऊ नये म्हणून लिंबू, झालीच तर प्लॅस्टिकची पिशवी, ह्यांना संत्र्याच्या फोडी सोलून देणं आणि "ट्रक येतोय हं" म्हणणं. कुठं थांबायचं, कधी निघायचं, हे स्टिअरिंगवाला ठरवणार. कुणाच्या लग्नात मी मैत्रिणींशी गप्पा मारत बसले की लांबून किल्ली वाजायची. त्या आवाजाला मी इतकी सरावले होते की वाक्य अर्धवट सोडून उठायचे.

१९९५ मध्ये मारुती ८०० घेतली. १९८३ च्या डिसेंबरात दिल्लीत पहिली मारुती रस्त्यावर आली होती. आमच्या घरापर्यंत पोचायला तिला बारा वर्षं लागली! छोटीशी गाडी, म्हणून मी हौसेनं क्लास लावला, लायसन्सही काढलं. मग एका रविवारी हे मला मोकळ्या मैदानावर घेऊन गेले. "क्लच! अगं, क्लच म्हणतोय मी!" "अहो, ओरडू नका ना." वीस मिनिटांत मी उतरून डावीकडे येऊन बसले. खरं सांगते, दोघांनाही सुटल्यासारखं वाटलं. लायसन्स पर्समध्ये गेलं. पन्नाशीला त्याचं नूतनीकरणही केलं. ओळखपत्र म्हणून फार उपयोगी पडलं!

हे वाईट नव्हते. उलट फार प्रेमळ. "तुला कुठं जायचंय सांग, मी सोडतो," असं आयुष्यभर म्हणत आले. आणि मी सोडू दिलं.

२०१७ च्या एका रात्री दोन वाजता त्यांच्या छातीत दुखायला लागलं. खाली वॅगन आर उभी होती, खिळ्याला किल्ली, पर्समध्ये लायसन्स. आणि मी किल्ली हातात धरून शेजाऱ्यांची दारं वाजवत होते. तिसऱ्या दारातला मुलगा धावत आला, त्यानंच गाडी काढली. हे वाचले नाहीत. त्या आठ-दहा मिनिटांनी फरक पडला असता असं डॉक्टर म्हणाले नाहीत, मीही म्हणत नाही. पण ती मिनिटं माझी आहेत, ती मी कुणाला देऊ शकत नाही.

त्यानंतर गाडी आठ महिने धूळ खात उभी. बॅटरी गेली, विमा संपला. "काकू, विका नाहीतर चालवा. उभी गाडी सडते," गॅरेजवाला म्हणाला. कागद काढले, तेव्हा कळलं की मालक गेला तर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत ३१ नंबरचा फॉर्म भरून वारसानं गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते. मुदत उलटून गेली होती. चार खेपा घातल्या, आणि चाळीस वर्षांनी आरसीवर पुन्हा माझं नाव आलं. आता सासरचं. एकसष्टाव्या वर्षी एका बाईंकडे पुन्हा क्लास लावला. त्या ओरडल्या नाहीत.

म्हणून मैत्रिणींनो, एक सांगावंसं वाटतं. बायकांनी गाडी चालवावी, हे हौसेचं किंवा मिरवायचं काम समजू नका. लायसन्स असेल तर आठवड्यातून एकदा तरी गाडी बाहेर काढा. शिकवायला नवरा नको, क्लास लावा. संसार टिकतो. घरातली एक तरी गाडी आपल्या नावावर असू द्या. २०२१ पासून आरसीवर नॉमिनीचं नाव घालता येतं, नंतरही ऑनलाइन जोडता येतं. आजच बघा, तुमच्या गाडीवर ते आहे का.

गेल्या महिन्यात साताऱ्याला एक लग्न होतं. धाकट्या नणंदेला घेऊन मीच गाडी नेली. डावीकडे बसून ती मला संत्र्याच्या फोडी देत होती. जेवणं झाली, मैत्रिणी भेटल्या, गप्पा रंगल्या. नणंद हळूच जवळ आली आणि म्हणाली, "वहिनी, कधी निघायचं?"

मी म्हटलं, "बस गं. निघू सावकाश."