झोपलेल्या कुत्र्याची बाजू

विद्यार्थ्याची जी पाच लक्षणे सुभाषितकाराने सांगितली आहेत, त्यांत 'श्वाननिद्रा' हे एक आहे. शाळेत गुरुजींनी त्याचा अर्थ सांगितला होता, तो असा : कुत्र्याची झोप म्हणजे सावध झोप, पान हलले तरी जाग यावी अशी. या हिशेबाने वसतिगृहातील आम्ही सारी मंडळी नापासच. पण मला आता असे वाटू लागले आहे की, त्या सुभाषितकाराने कुत्र्याला झोपी जाताना पाहिले असावे. पुरते झोपलेले पाहिले नसावे.

आपल्या महाविद्यालयाच्या आवारात एक कुत्रा होता, हे तृतीय वर्षाच्या सर्वांना आठवत असेल. पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके, एक कान फाटलेला. तो दिवसभर कार्यालयाच्या दारात पडून असे आणि कोणी कितीही घाईने अर्ज घेऊन आले तरी जागचा हलत नसे, म्हणून मुलांनी त्याचे नाव 'रजिस्ट्रार' ठेवले होते. (कार्यालयातील मंडळींनी राग मानू नये. डब्यातली पोळी तेही त्याला याच नावाने घालीत.)

दुपारी तास संपले की आम्ही चौघे मित्र पायऱ्यांवर बसत असू. त्यामुळे रजिस्ट्रारची झोप मला पाठ झाली होती. पहिली पंधरा-वीस मिनिटे तो खरोखरच सुभाषितातल्यासारखा झोपे. चप्पल वाजली की कान वळे. मग श्वास तुटक होऊ लागे, पापण्यांखाली बुबुळे इकडून तिकडे फिरत, ओठाची कड थरथरे, पुढचे पंजे आत वळून झटके देत, आणि थोड्याच वेळात चारही पाय आडव्या अंगाने, पडल्या जागी पळू लागत. तोंड मिटलेले असे. तरी गालांतून 'भुफ्, भुफ्' असा आवाज येई, विहिरीत कोणी भुंकावे तसा. एकदा तर त्याची शेपूटही हलली. आता पान काय, शेजारून मोटारसायकल गेली तरी तो उठत नसे.

एक मित्र म्हणे, हा वात आहे. मी म्हणे, हे स्वप्न आहे. त्यावर चहाची पैज लागली. माझे म्हणणे असे की, ऐन पळण्यात त्याला जागे केले तर समोर नसलेले काहीतरी तो क्षणभर तरी शोधील. तेवढ्यासाठी मी कडुनिंबाची एक काडी उचलली आणि त्याच्या पंजाच्या गादीला टोचली.

तो उठला नाही, उसळला. डोळे उघडे होते, पण त्या डोळ्यांत मी नव्हतो. माझे मनगट त्याच्या दातांत सापडले. पुढच्याच क्षणी त्याने मला ओळखले असावे, कारण कान पाडून, शेपूट पोटाखाली घेऊन तो जमिनीला घासत मागे सरकला. दाताच्या दोन खुणा उठल्या होत्या व रक्त येत होते.

जखम साबणाने भरपूर वेळ धुऊन आम्ही ग्रामीण रुग्णालयात गेलो. (वडीलधारी मंडळी अजून पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती घालतात. ती जुनी लस आपल्या देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता दंडात, ठरलेल्या दिवशी टोचतात.) परत आल्यावर सर्वांनी विचारले, काय झाले? मला लाज वाटत होती आणि रागही आला होता. मी सांगितले, "काही केले नव्हते, उगाच चावला." तक्रारीच्या अर्जातही मी 'विनाकारण' हाच शब्द लिहिला. 'विनाकारण'चा दुसऱ्या दिवशी 'पिसाळलेला' झाला. चौथ्या दिवशी एक गाडी आली आणि रजिस्ट्रारला घेऊन गेली. त्याला कोठे सोडले हे पुढे मी दोघातिघांना विचारले. प्रत्येकाने वेगळे ठिकाण सांगितले.

तो अर्ज खोटा होता, हे या अंकाच्या पानावर मी लिहून ठेवीत आहे. आणि हा सगळा विषय मी वाचू लागलो तो या खोटेपणामुळे, ज्ञानाच्या ओढीने नव्हे.

वाचल्यावर पहिले आश्चर्य असे की, पायऱ्यांवरचा आमचा वाद फार जुना निघाला. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने प्राण्यांवरील ग्रंथात लिहून ठेवले की कुत्र्यांना स्वप्ने पडतात, कारण ती झोपेत भुंकतात. ल्युक्रीशियस या रोमन कवीने शिकारी कुत्र्यांचे वर्णन केले आहे : ती झोपेत पाय झाडतात, हवेत वास घेतात, आणि जाग आल्यावरही नसलेल्या हरणांमागे धावतात. म्हणजे माझी पैज त्याने दोन हजार वर्षांपूर्वीच जिंकली होती, तीही काडी न टोचता. पुढे सतराव्या शतकात देकार्तने पशू म्हणजे एक प्रकारचे यंत्रच, असा विचार मांडला. तत्त्वज्ञानाच्या तासाला देकार्त आपण आदराने शिकतो. पण यंत्राने झोपेत शेपूट का हलवावी हे मला त्याच्याकडून कळलेले नाही. डार्विनने १८७१ च्या आपल्या ग्रंथात कुत्री, मांजरे, घोडे यांना स्वप्ने पडतात असे निःशंकपणे लिहिले, आणि आधार दिला तो त्यांच्या हालचालींचा व आवाजाचाच.

विज्ञानाने या गोष्टीला हात घातला तो १९५३ साली. शिकागो विद्यापीठात ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी दाखवून दिले की माणसाच्या झोपेत काही काळ डोळे भराभर फिरतात, आणि त्या वेळी उठवले तर माणूस बहुधा स्वप्न सांगतो. त्यानंतर फ्रान्समधील लियाँ येथे मिशेल झूवे यांनी मांजरांवर प्रयोग केले. त्यांना असे आढळले की, या झोपेत मेंदू जवळजवळ जागेपणाइतका कामात असतो, पण शरीर मात्र लुळे पडलेले असते. मेंदूच्या देठातून पाठीच्या कण्याकडे आज्ञा जाते की, स्नायूंनो, गप्प राहा. डोळे आणि श्वास तेवढे मोकळे असतात. झूवेंनी देठातला तो नेमका भाग निकामी केला तेव्हा ती मांजरे गाढ झोपेतच उठून उभी राहिली. दबा धरू लागली, न दिसणाऱ्या भक्ष्यावर झेप घेऊ लागली, फिस्कारू लागली. समोर खरी वस्तू ठेवली तर तिच्याकडे लक्षही देईनात.

हे वाचताना त्या मांजरांविषयी वाईट वाटल्यावाचून राहत नाही. त्यांचे स्वप्न आपल्याला दिसावे म्हणून त्यांचा मेंदू दुखावला गेला. काडी टोचणाऱ्याने त्यावर अधिक बोलू नये हे बरे.

आता रजिस्ट्रारचे कोडे सुटते. त्याच्या देठातला पहारेकरी जागेवर होता, म्हणून तो खरोखर उठून पळाला नाही. पण पहारा थोडा ढिला होता, म्हणून पाय झटके देत होते. भुंकणे पोटातून निघे आणि तोंडापर्यंत येताना अर्धे राही.

माझा मित्र मात्र हटणारा नव्हे. तो म्हणतो, हालचाल होते हे मान्य. पण आत स्वप्न आहे याला पुरावा काय? त्याच्या बाजूला बळ आहे हे मी कबूल करतो. अमेरिकेत मार्क ब्लुमबर्ग यांनी उंदरांच्या नवजात पिल्लांचा अभ्यास करून असे दाखवले की, झोपेतले त्यांचे झटके हे स्वप्नाचे अवशेष नसून मेंदू आपल्या हातापायांची ओळख करून घेत असतो. हे मला पटते. कुत्र्याच्या पिल्लाचे डोळे उघडायला दहा-चौदा दिवस लागतात आणि त्याआधीही ते झोपेत थडथड उडते. ज्याने अजून काही पाहिलेच नाही, ते कोणाचा पाठलाग करणार? तेव्हा प्रत्येक झटक्यात ससा शोधू नये, हे खरे.

पण म्हाताऱ्या, अनुभवी जनावराचे काय? २००१ साली एमआयटी या संस्थेत लुई आणि विल्सन यांनी उंदरांना गोल मार्गावर पळवले. पळताना मेंदूतल्या पेशी ज्या क्रमाने जाग्या होत तो क्रम त्यांनी टिपून ठेवला. उंदीर झोपल्यावर, डोळे फिरणाऱ्या त्या झोपेतच, अनेकदा तोच क्रम पुन्हा उमटला; इतका जुळता की उंदीर त्या क्षणी मार्गाच्या कोणत्या भागात 'आहे' हे सांगता यावे. उंदीर पिंजऱ्यात आणि त्याचा मेंदू वाटेवर. याला स्वप्न म्हणायचे नसेल तर दुसरा शब्द मित्राने शोधावा. मी तोच वापरीन.

माझ्या मते खरी अडचण पुराव्याची नाहीच, साक्षीची आहे. माझे आजोबा झोपेत सर्ज्याला हाका घालतात. बैल विकून वीस वर्षांवर झाली. मी ती जोडी पाहिलेलीही नाही. आजोबांना स्वप्न पडते यावर घरात कोणी वाद घालीत नाही, कारण सकाळी ते सांगतात, "रात्री औत अडकलं होतं." रजिस्ट्रारला सकाळी काही सांगता येत नव्हते. आजोबांचे पाय अंथरुणात हलतात तसेच त्याचे हलत होते. फक्त एकाचे आपण स्वप्न मानले आणि दुसऱ्याचा वात. दत्ताच्या तसबिरीतल्या चार कुत्र्यांना आपण चार वेद मानून हात जोडतो. दारातल्या कुत्र्याला मात्र एक साधे स्वप्न देताना आपला हात आखडतो.

यावर कोणी म्हणेल, ही भावनेची भाषा झाली. भटक्या कुत्र्यांनी मुले फाडली, त्यांचे काय? प्रश्न रास्त आहे. रेबीज एकदा अंगात उमटला की त्यातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि लस घेण्यात कोणीही हयगय करू नये. २०२५ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्था, रुग्णालये, बसस्थानके अशा जागांतून भटकी कुत्री हलविण्याचा आदेश दिला. तो बरोबर की चूक हे ठरविण्याइतका माझा अभ्यास नाही. माझे म्हणणे त्याहून पुष्कळ लहान आहे. झोपेतून दचकून चावलेला कुत्रा आणि पिसाळलेला कुत्रा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्याचा शिक्का पहिल्यावर मारायला एक खोटा अर्ज पुरतो. मी तेवढे जरी खरे लिहिले असते, की तो झोपला होता आणि मी टोचले, तर त्याला निदान काही दिवस बांधून, पाहून, मग काय ते ठरविता आले असते. आणि झोपलेल्या कुत्र्याला हात, पाय, काडी, पाणी यांतले काहीही लावू नये. उठवायचेच असेल तर लांबून हाक मारावी, म्हणजे जिथे कोठे तो गेला असेल तिथून परतायला त्याला वेळ मिळतो.

दिवाळीच्या सुट्टीत हे सगळे मी आजोबांना सांगितले. झूवे आणि उंदीर त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "हे समदं तुला ठावं होतं, तर काडी कशाला टोचलीस?" तेव्हा ठाऊक नव्हते, असे मी म्हणालो. ते काही बोलले नाहीत.

आजी त्यांना हात लावून कधीच उठवीत नाही. एकदा पहाटे हलवून उठवले तेव्हा त्यांचा हात तिच्या तोंडावर बसला होता; ते बैलाला वळवीत होते. तेव्हापासून ती उंबऱ्याशी उभी राहून "अहो, उजाडलं" म्हणते, आणि ते पुरते जागे होईपर्यंत चहाचा कप घेऊन तिथेच थांबते.