शुभ्र भाताची किंमत

रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या एका जुन्या कार्यकर्त्याचे पत्र समोर आहे. वय पासष्टीच्या पुढे, आणि मधुमेहाचे निदान नुकतेच झालेले. डॉक्टरांनी त्यांना पांढरा भात सोडून ‘ब्राऊन राईस’ खाण्यास सांगितले. तालुक्याच्या गावी एका दुकानात तो चकचकीत पिशवीत मिळाला. पण साध्या तांदळाच्या जवळजवळ तिप्पट किमतीला. घरी पिशवी उघडली तेव्हा त्यांच्या वृद्ध मातोश्री म्हणाल्या, “अरे, हा तर आपला हातसडीचा तांदूळ! हा आम्ही रोज कांडत होतो, आणि पाहुणा आला की लाज वाटून शेजारून पांढरा उसना आणत होतो.” पत्राच्या शेवटी त्यांनी काहीशा संकोचाने विचारले आहे की, असल्या घरगुती विषयावर पक्षाच्या साप्ताहिकाने लिहावे काय?

अवश्य लिहावे, असे आमचे मत आहे. कोणता तांदूळ खावा हा प्रश्न आज आरोग्याच्या सदरांतून ज्या पद्धतीने मांडला जातो, ती पद्धतच मुळात फसवी आहे. वाचकापुढे दोन पिशव्या ठेवायच्या आणि शहाणपणाने निवड कर म्हणून सांगायचे! ज्या कुटुंबाचा महिन्याचा तांदूळ शिधावाटप दुकानातून येतो, त्याच्यापुढे दोन पिशव्या नसतात. त्याच्या ताटातला भात किती पांढरा असावा हे त्याने ठरवलेले नसते. ते दुसऱ्याच कोणी ठरवलेले असते.

प्रथम दाण्याची गोष्ट. भाताच्या दाण्यावर सर्वांत बाहेर तूस असते. ते माणसाला पचत नाही, म्हणून काढावेच लागते. तुसाच्या आत कोंड्याचा तांबूस-पिंगट थर असतो आणि एका टोकाला अंकुर असतो. दाण्यातील ‘ब’ वर्गाची जीवनसत्त्वे, तेल, तंतू आणि लोहासारखे क्षार यांचा मोठा वाटा या पातळ थरात व अंकुरात साठवलेला असतो; त्याच्या आत उरतो तो मुख्यतः पिठूळ भाग. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांनुसार शंभर ग्रॅम असडी तांदळात ब-१ जीवनसत्त्व सुमारे ०.२७ मिलिग्रॅम असते. पॉलिश केलेल्या तांदळात ते ०.०५ वर येते. तंतूंचे प्रमाण ४.४ ग्रॅमवरून २.८ वर उतरते. त्याच कोष्टकात उकड्या तांदळाचा आकडा मात्र पॉलिशनंतरही ०.१७ आहे. भात तुसासकट उकडताना कोंड्यातील जीवनसत्त्व दाण्यात मुरते, आणि मग कोंडा गेला तरी ते सगळे जात नाही. कोकणात आणि गोव्यात उकड्या तांदळाची पेज पिढ्यान्‌पिढ्या जेवली जाते. तिच्यामागचे शास्त्र हे आहे.

हे ज्ञान कसे मिळाले, तो इतिहास आमच्या वाचकांनी जाणून घेण्यासारखा आहे, कारण त्यात तुरुंग, लष्कर आणि मजूर यांचा संबंध पदोपदी येतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाफेवर चालणाऱ्या गिरण्या आशियात आल्या आणि बेरीबेरीचा रोग वाढत गेला. पायांतील शक्ती जाई, अंगावर सूज येई, हृदय थकून माणूस दगावे. डच वसाहतीच्या राजधानीत, बटाव्हियात, क्रिस्तियान आइकमान हे डॉक्टर या रोगाचे जंतू शोधत होते. प्रयोगशाळेतील कोंबड्या लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातून येणाऱ्या शिळ्या पांढऱ्या भातावर पोसल्या जात, आणि त्यांचे पाय लुळे पडले. पुढे तेथे नवा स्वयंपाकी आला. सरकारी लष्करी भात मुलकी कोंबड्यांना देणार नाही, असे त्याने सांगितले. कोंबड्यांना मग हलका, असडी तांदूळ मिळू लागला आणि त्या बऱ्या झाल्या! नोकरशाहीच्या हट्टातून मानवजातीचा असा फायदा क्वचितच झाला असेल. त्यानंतर जावातील सुमारे शंभर तुरुंगांची पाहणी करण्यात आली. जेथे कैद्यांना पांढरा तांदूळ मिळे तेथे बेरीबेरी सर्रास होता. जेथे असडी मिळे तेथे तो जवळजवळ नव्हता. आइकमान यांना प्रथम वाटले की पांढऱ्या भातात काही विष असावे. १९०१ मध्ये त्यांचे उत्तराधिकारी खेरिट ग्राइन्स यांनी दाखवून दिले की दोष भातात असलेल्या वस्तूचा नसून त्यातून गेलेल्या वस्तूचा आहे. या कामासाठी आइकमान यांना १९२९ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

मलायातील उदाहरण आम्हाला याहूनही बोलके वाटते. तेथे कथलाच्या खाणींतील चिनी कामगार पांढरा तांदूळ खात आणि बेरीबेरीने मरत. रबराच्या मळ्यांतले तामिळ मजूर आपल्या सवयीप्रमाणे उकडा तांदूळ खात आणि या रोगापासून वाचत. दोघेही सारखेच राबत होते आणि सारखेच नाडले जात होते. फरक होता तो एवढाच, की तामिळ मजुरांनी आपली जुनी खाद्यपद्धती परदेशातही टाकली नव्हती.

आपल्याकडे हा प्रश्न राजकारणाच्या व्यासपीठावर आणला तो गांधीजींनी. १९३४ च्या अखेरीस वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांनी त्याचे काम उभे केले. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ आणि गूळ हे त्याच्या पहिल्या कार्यक्रमांत होते. गिरणीने गावातील स्त्रियांचा रोजगार जातो आणि खाणाऱ्याचे पोषणही जाते, असे दुहेरी प्रतिपादन त्यामागे होते. स्वातंत्र्यानंतर १९५८ मध्ये तांदूळ गिरणी नियमन कायदा झाला. नव्या गिरण्यांवर परवान्याचे बंधन आले आणि हातसडीला संरक्षण देण्याचा हेतू बोलून दाखवण्यात आला. व्यवहारात गिरण्या वाढत गेल्या. १९९७ साली तो कायदाच रद्द झाला, तेव्हा त्याबद्दल हळहळणारे फारसे कोणी उरले नव्हते.

येथे आम्हाला एक कबुली दिली पाहिजे. हातसडीच्या तांदळाचे गुणगान करणाऱ्या पुरुषांपैकी मुसळ हाती धरलेले फार थोडे. पहाटे उठून घिरट फिरवणे, उखळात भात कांडणे, सूप हाती घेऊन पाखडणे आणि मग दिवसभर शेतात लावणीला वाकणे, हे आयुष्य कोकणातल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या काढले. घरोघर कांडपाला जाणाऱ्या कांडपिणींना त्याबद्दल पदरात पडे ते मूठ-दोन मूठ तांदूळ आणि कणी. गावात गिरणी आली तेव्हा या स्त्रियांनी सुस्कारा टाकला असेल, तर तो सुस्कारा आम्ही कोणत्याही जीवनसत्त्वाच्या तराजूत तोलणार नाही. स्त्रियांना पुन्हा मुसळाशी बांधून जनतेचे आरोग्य सुधारण्याची कल्पना आम्हाला मुळीच मान्य नाही.

परंतु यंत्र हवे की नको, असा हा प्रश्नच नाही. गावोगाव आलेल्या जुन्या हलर गिरणीत तूस आणि कोंडा एकाच घर्षणात निघत. दाणाही मोडे आणि तूसमिश्रित कोंडा जनावरांपुढे जाई. आता रबरी रुळांच्या यंत्राने नुसते तूस वेगळे काढता येते. पॉलिश करणारे यंत्र त्याच्यापुढे, स्वतंत्रपणे उभे असते. म्हणजे बाईचे श्रमही वाचवता येतात आणि कोंडाही राखता येतो. ते यंत्र किती वेळ चालवायचे एवढेच ठरवायचे असते. शंभर किलो भातातून तूस काढले की सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर किलो असडी तांदूळ हाती येतो. सरकारी भरडाईचा उतारा मात्र साध्या तांदळाला ६७ आणि उकड्याला ६८ किलो ठरलेला आहे. मधले जवळपास दहा किलो, ज्यात कोंडाही आला आणि बारीक कणीही, माणसाच्या अन्नातून बाहेर पडतात.

ते जातात कोठे? गोंदिया-भंडाऱ्याच्या शेतकऱ्याचे धान आधारभूत केंद्रावर पणन महासंघ किंवा आदिवासी विकास महामंडळ विकत घेते आणि भरडाईसाठी गिरणीत पाठवते. तांदूळ सरकारला परत मिळतो. कोंडा गिरणीमालकाकडे राहतो. त्यातून तेल काढले जाते. हृदयाला हितकर म्हणून जाहिरात होणारे तेल ते हेच! उरलेली पेंड पशुखाद्यात जाते. कोंड्याचा मांडा करून खाण्याची म्हण गरिबाच्या काटकसरीवर रचली गेली. मांडा आता होतो, पण तो दुसऱ्याच्या ताटात पडतो.

सरकारच्या बाजूने एक खरी अडचण सांगता येते आणि ती झटकून टाकणे योग्य नव्हे. तूस निघाले की कोंड्यातील तेल खवट होऊ लागते. असडी तांदूळ काही महिन्यांत वास मारतो आणि त्याला कीडही लवकर लागते. अन्न महामंडळाच्या गोदामात जो तांदूळ दीर्घकाळ पडून राहतो आणि हजार मैल प्रवास करतो, तो पांढराच असावा लागतो. पण याचा अर्थ असा की, तांदळाचा रंग जनतेच्या प्रकृतीने ठरवलेला नसून गोदामाच्या सोयीने ठरवलेला आहे. भात तुसासकट असेल तर उत्तम टिकतो. आपल्या पूर्वजांच्या कणगीत तो तसाच राहत असे. जेथे पिकते तेथेच धान साठवावे, लागेल तसे तालुक्याच्या गिरणीत भरडावे आणि त्याच भागात महिन्या-दोन महिन्यांत वाटावे, यात अशक्य असे काही नाही. विकेंद्रित खरेदीची योजना १९९७-९८ पासून अस्तित्वात आहे आणि महाराष्ट्र तिच्यात सामील झालेला आहे. खरेदीचे विकेंद्रीकरण होऊ शकते, तर भरडाईचे आणि साठवणीचे का होऊ नये?

सरकारने निवडला तो मार्ग वेगळा आहे. १५ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून घोषणा केली की, २०२४ पर्यंत सर्व सरकारी योजनांतील तांदूळ पोषणयुक्त करण्यात येईल. पद्धत अशी: तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ मिसळून यंत्राने तांदळासारखे दाणे पाडायचे, आणि शंभर दाण्यांत असा एक मिसळायचा. वर्षाला सुमारे २,७०० कोटी रुपये खर्च धरला गेला; ऑक्टोबर २०२४ मध्ये डिसेंबर २०२८ पर्यंतच्या मुदतीसाठी १७,०८२ कोटी मंजूर झाले. यातील विसंगती पाहा. कोंड्याबरोबर लोह, ब-१ आणि तंतू आधी काढून टाकायचे, आणि मग कारखान्यातून विकत घेतलेली तीन द्रव्ये परत घालायची. त्या सक्तीच्या तिघांत ब-१ नाहीच! आणि ज्या गडचिरोलीत हा प्रयोग प्रारंभी झाला, तो सिकलसेल आजाराचा प्रदेश. सिकलसेलच्या रुग्णांनी लोह घातलेले अन्न खाऊ नये, अशी सूचना पिशवीवर छापण्याचे बंधन २०१८ च्या नियमांत होते. शिधावाटप दुकानात तांदूळ पोत्यातून मोजून मिळतो. ती पिशवी आदिवासी बाईच्या हाती पडावी कशी? अनेक ठिकाणी स्त्रियांनी हे दाणे ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून वेचून फेकले. त्यांना अडाणी म्हणून हिणवणाऱ्यांनी आधी हे सांगावे की, त्यांच्याशी बोलायला कोण गेले होते.

लोहाची गरज खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आढळल्या. असडी तांदूळ हा त्यावरचा रामबाण उपाय नव्हे, हेही स्पष्ट केले पाहिजे. कोंड्यातील फायटेट लोहाच्या शोषणात अडथळा आणते, आणि डाळ, पालेभाजी, अंडी यांची उणीव कोणताच तांदूळ भरून काढत नाही. मधुमेहाबाबतही तारतम्य हवे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीने २०२३ साली देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज दिला. असडी तांदळाने रक्तातील साखर काहीशी सावकाश चढते हे खरे. पण ढीगभर असडी भात खाऊन वर अंगमेहनत नाही, तर उपयोग काय? शिवाय तो शिजायला वेळ घेतो, सरपण आणि गॅस जास्त लागतो, आणि लहान मुलांना तो चरबट वाटतो. म्हणून आमचा आग्रह अगदी असडीचा नाही. कमी पॉलिश केलेल्या उकड्या तांदळाचा आहे. उकडल्याने तेल नासवणारे द्रव्यही बरेचसे निष्प्रभ होते, त्यामुळे साठवणीची अडचण हलकी होते. तामिळनाडू आणि केरळात शिधावाटप दुकानांतून उकडा तांदूळ मिळतोच. कोकणातल्या माणसाला त्याची चव नव्याने शिकवावी लागणार नाही.

मागणी दोन-तीन जागी तरी तातडीने करता येईल. आश्रमशाळांतील मुले दोन्ही वेळा सरकारी भात खातात; शाळांतील खिचडीही त्याच तांदळाची. सुरुवात तेथून व्हावी. अन्न सुरक्षा कायदा २०१३ खाली दुकानपातळीपर्यंत दक्षता समित्या नेमण्याची तरतूद आहे, आणि आमच्या अनेक कार्यकर्त्यांची नावे त्यांत आहेत. वजनात मारलेल्या मापाची तक्रार ते करतात. तांदूळ कसला येतो, कोणत्या गिरणीतून येतो, किती महिन्यांचा आहे, हेही त्यांनी कागदावर विचारावे. शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना रबरी रुळांचे यंत्र घेण्यासाठी साहाय्य आणि भरडाईच्या करारात वाटा मागितला पाहिजे. नाहीतर विकेंद्रीकरणाच्या नावाखाली तालुक्याचा एखादा व्यापारीच नवा मक्तेदार होऊन बसेल; साखरेच्या बाबतीत सहकाराचे काय झाले ते आपण पाहिलेच आहे.

पत्रलेखक मित्राला आमचे उत्तर इतकेच: तिप्पट किमतीची पिशवी परत आणू नका. तुमच्या घरचे भात अजून पिकते, असे तुम्हीच लिहिले आहे. गावच्या गिरणीवाल्याला सांगून पाहा की तूस काढल्यावर तांदूळ पॉलिशला घालू नको. थोडा थोडाच भरडून घ्या, म्हणजे खवट होणार नाही. भाताचे प्रमाण डॉक्टर सांगतील तेवढेच ठेवा. आणि आईला विचारून एक गोष्ट कळवा: त्यांच्या लहानपणी गावात भाताच्या किती जाती होत्या, आणि त्यांतल्या तांबड्या दाण्याच्या किती?