लागवडीनंतरचे व्रत

पहिल्या पावसाने माती भिजली आणि शाळा गजबजल्या, की परसबागांचे शुभारंभ सुरू होतात. पाहुणे येतात, रोपे लागतात, छायाचित्रे निघतात. या उत्साहाला नावे ठेवण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो त्यानंतरच्या अकरा महिन्यांचा.

शाळेतील बाग ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला आणि त्यातून ‘नयी तालीम’ उभी राहिली. पुढे श्री. अ. दाभोळकरांच्या ‘प्रयोग परिवारा’ने महाराष्ट्रातील शेतकऱ्याला स्वतःच्याच शेतात विद्यार्थी केले. २०१९ मध्ये केंद्र शासनाने शालेय पोषण परसबागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. मुलांनी पिकवलेली ताजी भाजी त्यांच्याच मध्यान्ह भोजनात पडावी, हा त्यामागचा एक हेतू.

शासन सूचना देईल. वाफ्याला पाणी घालायला मात्र माणूसच लागतो. मे महिन्यात कुलूपबंद आवारात रोपे करपतात आणि जूनमध्ये मुले परततात ती वाळलेल्या काटक्यांपाशी. आरंभ थाटाचा करावा, शेवटाची चिंता करू नये, हा धडा कोणी न शिकवताच त्यांना पाठ होतो.

समाजाचे काम येथेच सुरू होते. मेथी महिन्याभरात हाती येते. पेरणी, उगवण, कीड, काढणी हे सारे चक्र मुलाला एकाच सत्रात पाहता येते. बियाणे राखेत घोळून कसे टिकवावे, पाचोळ्याचे आच्छादन ओल कशी धरते, वालाचा वेल मांडवावर कसा चढवावा, हे ज्ञान वस्तीतील कितीतरी आजी-आजोबांपाशी आहे. त्यांना शाळेचे दार उघडले पाहिजे. सात कुटुंबांनी एकेक वार वाटून घेतला, तर भर उन्हाळ्यातही वाफा ओला राहील. मुख्याध्यापकांची अनुमती, फाटकाची किल्ली आणि पाण्याची सोय एवढे मात्र एप्रिलमध्येच ठरवून घ्यावे.

रोप लावणाऱ्याचे नाव फलकावर येते, पाणी घालणाऱ्याचे येत नाही. तरीही जूनमध्ये हिरवा वाफा पाहणारी मुले सातत्य म्हणजे काय, हे त्याच्याकडूनच शिकतील. आपल्या घराजवळच्या शाळेत असा एक वार आपला म्हणून प्रत्येक कुटुंबाने स्वीकारावा.