बोगदा नको, वलगण दाखवा

चर्नी रोडचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालचं. २०१५ मध्ये ते नव्या रूपात उघडलं, तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच गोष्ट होती: ॲक्रिलिकचा बोगदा, डोक्यावरून जाणारे मासे. पण त्यामागे राज्याचं मत्स्यव्यवसाय खातं होतं.

शहापूर-मुरबाडच्या कृषी पर्यटनवाल्यांनी तसलं काही करायला कर्ज काढू नये, हे माझं स्पष्ट मत. काचेच्या टाकीला हवेचा पंप चोवीस तास लागतो. आपल्याकडे पावसाळ्यात लाईट किती वेळा जाते ते तुम्हीच सांगा! आणि शोभेचे मासे मुंबईकर क्रॉफर्ड मार्केटात बघतोच की. भातसा-तानसाचं पाणी मात्र तो रोज पितो, पण त्या पाण्यातला मासा त्याने पाहिलेला नसतो.

तोच दाखवा. शेततळ्याच्या काठाला मजबूत कठडा करा, मुलांच्या हातात खाद्य द्या, कटला वर येऊ दे. चिंबोरीची नर-मादी पोटावरून कशी ओळखायची, वलगणीचे मासे पहिल्या पावसात उलटे का चढतात, हे गावातल्या मासे धरणाऱ्या ताईंना सांगू द्या. फुकटात नाही हं, तिकिटातला त्यांचा वाटा आधीच ठरवा. फक्त ओढ्यातलं कासव आणून ठेवू नका, वन्यजीव कायद्यात अडकाल.