बंदुकीची दारू मोजायला ऑनलाइन काटा मागवताय? आधी हे वाचा

रील्समध्ये तुम्हीही पाहिलं असेल. परदेशातला कुणी हौशी शिकारी गॅरेजमध्ये बसून रायफलच्या रिकाम्या काडतुसात पुन्हा दारू भरतोय, समोर तळहाताएवढा डिजिटल काटा आहे आणि आकडा जुळेपर्यंत तो एकेक दाणा टाकतोय. आपल्याकडे बघणाऱ्याच्या मनात लगेच येतं, असा काटा तर ऑनलाइन पाचशे रुपयांत मिळतो!

कोकणात हा विचार नुसत्या हौसेपोटी येत नाही. कणकवली तालुक्यातल्या नांदगावच्या पट्ट्यात काजू, आंबा, भात सांभाळायचं म्हणजे माकडं आणि रानडुकरांशी रोजचा सामना. त्यासाठी अनेकांकडे शेतीसंरक्षणाची परवान्याची बंदूक असते, आणि निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची वेळ येते. 2024 चं वर्ष आठवा. लोकसभेची आचारसंहिता लागली 16 मार्चला, म्हणजे ऐन काजूत. विधानसभेची लागली 15 ऑक्टोबरला, भात कापणीला आलेलं असताना. खरं तर सरसकट सगळ्यांची बंदूक जमा करून घ्यावी असं निवडणूक आयोगाचं म्हणणं नाही. कुणाची घ्यायची हे जिल्ह्याच्या छाननी समितीने ठरवायचं असतं. पण परवानाधारकाला हे सांगतो कोण?

तर मूळ मुद्दा काट्याचा. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 13 मध्ये शेतीसंरक्षणासाठी बंदूक सांगितली आहे ती ठासणीची. तिच्यात जाते काळी दारू, आणि ती आजवर मापाने भरली जाते, वजनाने नाही. आपल्या जुन्या लोकांना काटा परवडत नव्हता म्हणून असं झालं, असं समजू नका. काळी दारू स्वभावाने थोडी सोशिक असते, मापात किंचित उणं-अधिक झालं तर सहसा निभावतं.

रायफलच्या काडतुसातली धूरविरहित दारू मात्र वेगळी. तिच्यात ताकद कितीतरी जास्त आणि दाब वाढतो तो सरळ हिशोबात नाही. दारू थोडी वाढली की दाब त्या मानाने बराच चढतो. म्हणून ती तोलून भरतात आणि हीच दारू ठासणीच्या नळीत काळ्या दारूच्या मापाने भरली तर नळी फुटू शकते. बंदूक गालाला लावलेली असताना!

हे वजन मोजतात 'ग्रेन'मध्ये. एक ग्रेन म्हणजे सुमारे 65 मिलिग्रॅम. हे परकं वाटत असेल तर सोनाराकडे चला. ब्रिटिश काळातला तोळा बरोबर 180 ग्रेनचा होता आणि तोळ्याच्या 96 गुंजा, म्हणजे एक गुंज जवळजवळ दोन ग्रेन. रायफलची दारू तोलणारे ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत अचूकता मागतात. म्हणजे साधारण साडेसहा मिलिग्रॅम, गुंजेचा जेमतेम एकोणिसावा हिस्सा.

आता तो पाचशेचा काटा बघा. त्यावर 0.01 ग्रॅम लिहिलेलं असतं. 0.01 ग्रॅम म्हणजे 10 मिलिग्रॅम, दीड दशांश ग्रेन. म्हणजे पडद्यावरची एक पायरीच हव्या त्या अचूकतेपेक्षा मोठी. आणि पडद्यावर दिसतं ते खरं असतंच असंही नाही. एखादा काटा तीन दशांश स्थळं दाखवेल आणि तरीही 20-30 मिलिग्रॅमने चुकेल. पंखा चालू असला, काटा नुकताच सुरू केला असला, टेबल हलत असलं, तरी आकडा सरकतो. दाणे चिमटीने एकेक टाकले तर काही स्वस्त काटे वाढलेलं वजन 'शून्याचा चढउतार' समजून गिळूनच टाकतात. त्यापेक्षा जुना दांडीचा ताजवा बरा. हळू चालतो, पण त्याला ना बॅटरी लागते ना तो तापतो.

चांगला काटा ओळखायचा कसा? त्याच्या पाटीवर 'डी' आणि 'ई' असे दोन आकडे बघा. 'डी' ही दिसणारी सर्वात लहान पायरी, 'ई' ही पडताळणीसाठी धरलेली. त्याचबरोबर अचूकतेचा वर्ग असतो. सोनाराचा काटा दुसऱ्या किंवा त्याहून वरच्या वर्गातला, वाण्याचा बहुधा तिसऱ्या. वैधमापन विभागाचा शिक्का बघा आणि प्रमाणित वजन ठेवून स्वतः तपासा, एकदा नाही, दर वेळी. ऑनलाइन स्वस्त काट्यांवर बहुतेक वेळा यातलं काहीच नसतं.

मग आपले नेमबाज काय करतात? नांदगावहून फोंडाघाट चढून गेलं की राधानगरी तालुका लागतो. तिथल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकलं. त्या प्रकारात पॉइंट टू टू काडतूस लागतं. त्याचा पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो, त्यामुळे ते पुन्हा भरताच येत नाही. नेमबाज कारखान्याच्या वेगवेगळ्या खेपा आपल्या बंदुकीतून झाडून बघतात आणि जमेल ती खेप घेतात. काट्याचा संबंधच नाही.

राहिला कायदा. काटा घेणं गुन्हा नाही. पण शस्त्र अधिनियमात 'दारूगोळा' या शब्दात काडतुसाचे सुटे भागही येतात आणि ते बनवायची यंत्रंही. काडतूस भरायचं हौशी यंत्र मागवलंत तर तेही या व्याख्येत बसू शकतं. परवान्याशिवाय दारूगोळा बनवला तर 2019 च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान 7 वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत. शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे बनवण्याचा परवाना नव्हे. तुम्हाला किती दारू बाळगता येईल तो आकडा परवान्याच्या पुस्तकात लिहिलेला असतो, आणि ती घ्यायची परवानाधारक दुकानातूनच.